रेडवुडचे मूळ जंगल पाहताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

उत्तर कॅलिफोर्नियातील किनारी रेडवुडची जंगले पाहून परतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांचे वर्णन एका वाक्यात संपते: झाडे फार उंच होती. प्राणी-पक्षी काय दिसले असे विचारले, तर एखादी खार आणि गाडीतून दिसलेले एल्क (सांबरासारखे मोठे हरीण), याच्या पुढे गाडी जात नाही. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे कामांचा क्रम चुकलेला असतो. कोणते जंगल पाहायचे हे निघेपर्यंत ठरलेले नसते, परवाना आयत्या वेळी शोधला जातो, वाटेच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात आणि मग मान वर करून चालण्यात तास-दीड तास निघून जातो. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. मधला एखादा टप्पा गाळला, तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजावी लागते.

टप्पा १: नेमके कोणते जंगल, हे आधी ठरवावे

रेडवुड म्हणून दोन वेगळ्या झाडांची सरमिसळ होते. सिएरा नेवाडा पर्वतात, समुद्रसपाटीपासून पुष्कळ उंचीवर वाढणारा जायंट सिक्वोया घेराने प्रचंड असतो आणि त्याच्या प्रदेशात हिवाळ्यात बर्फ पडतो. किनाऱ्यालगत, दक्षिण ओरेगनपासून बिग सरपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात धुक्यावर वाढणारा कोस्ट रेडवुड हा जगातील सर्वांत उंच वृक्ष आहे. हा लेख केवळ कोस्ट रेडवुडविषयी आहे. सिक्वोया नॅशनल पार्कचे आरक्षण करून किनारी जंगलातील पक्ष्यांची यादी सोबत नेणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची बाब अशी, की रेडवुड दिसला म्हणजे मूळ जंगल दिसले असे होत नाही. एके काळी सुमारे २० लाख एकरांवर पसरलेल्या या जंगलापैकी कधीही न तोडलेला भाग आज जेमतेम ५ टक्के उरला आहे. हमरस्त्याच्या कडेला दिसणारी बहुतेक झाडे तोडीनंतर वाढलेल्या दुसऱ्या पिढीची आहेत. ती ओळखणे सोपे आहे: खोडे साधारण एकाच जाडीची, दाट आणि सरळ असतात आणि त्यांच्यामध्ये जुने, काळपट पडलेले अजस्र खुंट उभे असतात. अशा खुंटाजवळ गेल्यास जमिनीपासून काही फुटांवर आडव्या, चौकोनी खाचा दिसतात. लाकूडतोडे त्या खाचांत फळी खोचून तिच्यावर उभे राहत आणि बुंध्याच्या फुगीर भागाच्या वरून करवत चालवीत. खाच दिसली, की ते जंगल एकदा तोडले गेले आहे असे खुशाल समजावे. मूळ जंगलात याउलट सर्व वयांची झाडे एकत्र असतात, शेंडे मोडलेले आणि पुन्हा फुटलेले असतात, पडलेल्या ओंडक्यांवर दुसरी झाडे रुजलेली असतात आणि वर, फार वर, माणूस आडवा झोपू शकेल इतक्या रुंद फांद्या असतात. जंगलातील दुर्मीळ जीव या फांद्यांवर आणि ओंडक्यांवर अवलंबून आहेत. म्हणून मूळ जंगल निवडण्याचा आग्रह धरायचा.

निवड अशी करावी. सॅन फ्रान्सिस्कोजवळचे म्यूर वुड्स अर्ध्या दिवसासाठी आणि वृद्ध मंडळींसाठी चांगले आहे, परंतु तेथे गर्दी फार असते. सांताक्रूझच्या डोंगरातील बिग बेसिन ऑगस्ट २०२० च्या वणव्यात होरपळले. काळ्या पडलेल्या खोडांना फुटलेली हिरवी पालवी पाहण्यासाठी तेथे अवश्य जावे, पण सलग सावलीच्या जंगलाची अपेक्षा ठेवू नये. हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमधील रॉकफेलर फॉरेस्ट हा मूळ रेडवुडचा सर्वांत मोठा सलग तुकडा आहे आणि तो सुमारे १०,००० एकरांचा आहे. त्याच्याही उत्तरेला ओरिकपासून क्रेसेंट सिटीपर्यंत रेडवुड नॅशनल अँड स्टेट पार्क्स पसरले आहेत. १९६८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आणि प्रेअरी क्रीक, डेल नॉर्ट कोस्ट व जेडिडाया स्मिथ ही तीन राज्य उद्याने यांचे व्यवस्थापन एकत्रितपणे होते. वन्यजीव पाहायचे असतील, तर माझे स्पष्ट मत असे आहे, की थेट येथेच जावे आणि वाटेतील बाकीची ठिकाणे पुढच्या खेपेसाठी ठेवावीत. पुढील सर्व टप्पे याच उद्यानांना धरून लिहिले आहेत.

*तपासणी:* वनाचे नाव, ते कोणत्या उद्यानात येते, वाटेची लांबी आणि चढ या चार गोष्टी कागदावर लिहिता येतात का, ते पाहावे. बरोबरच्या मंडळींत ज्याचे गुडघे सर्वांत कमजोर आहेत, त्याला ती वाट झेपणार असेल तरच ती कायम करावी. स्टाउट ग्रोव्हची सुमारे अर्ध्या मैलाची फेरी बहुतेकांना जमते. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हची फेरी सुमारे दीड मैलाची आहे. टॉल ट्रीज ग्रोव्हची वाट मात्र जाऊन-येऊन चार-साडेचार मैलांची असून उतरताना ती फसवी वाटते. खरा चढ परतीला, दमल्यावर लागतो.

टप्पा २: महिना निवडावा

येथे वर्षाला साधारण १५० ते २०० सेंटीमीटर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो. जून ते ऑगस्ट हा काळ कोरडा असतो, परंतु कोरडा म्हणजे उबदार नव्हे. दिवसाही हवा १० ते १८ अंशांच्या दरम्यान राहते आणि सकाळी धुके असते. मे-जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात आणि एल्कची पिल्ले दिसतात. सप्टेंबरात आकाश स्वच्छ असते आणि एल्क नरांचा माजाचा काळ ऐन भरात असतो. हिवाळ्यात ओढ्यांतून सामन मासे वर चढतात आणि ओलाव्यामुळे सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे, बेडकाच्या वर्गातले उभयचर) अधिक दिसतात, पण उन्हाळ्यात टाकलेले काही छोटे पादचारी पूल तोपर्यंत काढून घेतलेले असतात. प्रथमच जाणाऱ्याने मेचा उत्तरार्ध किंवा जून निवडावा.

धुके आहे म्हणून बेत रद्द करणे ही फार मोठी चूक आहे. कोरड्या उन्हाळ्यात हे झाड धुक्यावर तगते. त्याला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुक्यातून येतो. पानांवर धुके साचून खाली टपटपणारे पाणी जंगलाच्या तळाला ओल देते, बारीक जीव बाहेर काढते आणि छायाचित्रासाठी हवा असलेला मऊ प्रकाशही देते.

*इशारा:* सोसाट्याचा वारा असल्यास जंगलात शिरू नये. शंभर फुटांवरून सुटलेली वाळकी फांदी जिवावर बेतू शकते. त्या दिवशी किनारा पाहावा.

टप्पा ३: आधी परवाना, मग मुक्काम, शेवटी रस्ता

बहुतेक जण आधी हॉटेल घेतात आणि परवान्याचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा करावा, कारण हॉटेल बदलता येते, परवान्याची तारीख बदलता येत नाही.

टॉल ट्रीज ग्रोव्हकडे जाणारा रस्ता फाटकाने बंद असतो आणि त्यासाठी विनामूल्य परवाना आगाऊ, उद्यानाच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो. फर्न कॅन्यन (नेच्यांनी मढलेली घळ) आणि गोल्ड ब्लफ्स बीचकडे गाडी नेण्यासाठी उन्हाळ्यात, साधारण १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात, पार्किंगचा परवाना लागतो. नक्की तारखा त्या वर्षीच्या सूचनेवरून ताडून पाहाव्यात. परवाना न मिळाल्यास निराश होण्याचे कारण नाही. प्रेअरी क्रीकच्या बाजूने जेम्स अर्व्हिन वाटेने पायी गेल्यास गाडीचा परवाना लागत नाही आणि ती वाट स्वतःच अप्रतिम मूळ जंगलातून जाते; मात्र एका दिशेला चार मैलांहून अधिक चालण्याची तयारी हवी. म्यूर वुड्सला जाणार असाल, तर तेथे जानेवारी २०१८ पासून पार्किंगचे आरक्षण अनिवार्य आहे आणि तेथे मोबाइलला रेंज नसल्यामुळे आरक्षणाची प्रत निघतानाच उतरवून ठेवावी.

मुक्कामाचा हिशेब अंतरावरून करावा. सॅन फ्रान्सिस्कोहून ओरिकपर्यंत हायवे १०१ ने सहा तास सहज लागतात. युरेकामध्ये एकच खोली घेऊन तेथून सगळीकडे फिरण्याचा बेत कागदावर सोयीचा दिसतो, परंतु युरेका ते क्रेसेंट सिटी हा रस्ता एका बाजूला पावणेदोन तासांचा आहे. क्लामथ आणि क्रेसेंट सिटी यांच्यामधल्या लास्ट चान्स ग्रेड या दरडीच्या भागात दुरुस्तीसाठी वाहतूक थांबवली जाते, तो वेळ वेगळाच. म्हणून एक मुक्काम ट्रिनिडाड-आर्केटाकडे, प्रेअरी क्रीकसाठी, आणि दुसरा क्रेसेंट सिटीत, जेडिडाया स्मिथसाठी, असा करावा. तंबूत राहायचे असेल तर एल्क प्रेअरी, गोल्ड ब्लफ्स बीच, मिल क्रीक आणि जेडिडाया स्मिथ येथील जागा कित्येक महिने आधी भरतात.

स्टाउट ग्रोव्हकडे नेणारा हाउलंड हिल रोड अरुंद आणि कच्चा आहे. त्यावर आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) किंवा ट्रेलर नेऊ नये. भाड्याच्या गाडीचा करार कच्च्या रस्त्याला मुभा देतो का, हेही आधी वाचावे.

*इशारा:* हायपेरियनच्या शोधात जाऊ नये. सुमारे ११६ मीटर उंचीचे हे जगातील सर्वांत उंच ज्ञात झाड २००६ साली सापडले, आणि त्यानंतर आलेल्या माणसांनी तेथील नेचे व माती इतकी तुडवली, की २०२२ मध्ये तो भाग बंद करण्यात आला. तेथे सापडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तेथे वाट नाही, आणि बुंध्याशी उभे राहून शेंडा दिसतही नाही.

टप्पा ४: सामान

दुर्बीण प्रत्येकाला हवी. ८ × ४२ ची दुर्बीण या अंधाऱ्या जंगलात सर्वांत उपयोगी पडते, कारण जास्त मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीत हात हलला की काहीच दिसत नाही. दहापटीचे एक साधे भिंग घ्यावे. डोक्याला बांधायचा दिवा लाल उजेडाचा पर्याय असलेला असावा. कपडे थरांत घालावेत, पाऊस अडवणारे जाकीट वर असावे, आणि सुती कपडे अंगालगत टाळावेत, कारण धुक्याने ओले झालेले सुती कापड वाळत नाही. फर्न कॅन्यनमध्ये ओढ्यातूनच चालायचे असल्याने बुटांचा आणि मोज्यांचा दुसरा जोड गाडीत ठेवावा. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि एक कागदी नकाशाही बाळगावा. बहुतेक वनांत रेंज मिळत नाही. खाण्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. तो का, हे सहाव्या टप्प्यात कळेल.

निघण्यापूर्वी बुटांचे तळ घासून धुवावेत. सडन ओक डेथ नावाचा रोग, जो या जंगलातील टॅनओक झाडांना मारतो, तो बुटांना लागलेल्या मातीतूनही पसरतो.

*तपासणी:* गाडीची टाकी आर्केटा किंवा क्रेसेंट सिटीतच भरली आहे का? परवान्याची प्रत कागदावर आहे का? परतण्याची वेळ मागे राहिलेल्या कोणाला सांगितली आहे का?

टप्पा ५: दिवसाची सुरुवात सूर्योदयाच्या पाऊण तास आधी

संपूर्ण सहलीत हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि सर्वांत जास्त देऊन जातो.

मार्बल्ड मरलेट हा कबुतरापेक्षा लहान, तपकिरी समुद्रपक्षी दिवसभर समुद्रात मासे पकडतो, परंतु अंडे घालण्यासाठी मूळ जंगलात येतो. तो घरटे बांधत नाही. उंचावरच्या रुंद फांदीवरील शेवाळाच्या गादीत एकच अंडे घालतो. हे घरटे शास्त्रज्ञांना इतके अनपेक्षित होते, की उत्तर अमेरिकेतील पहिले घरटे १९७४ साली बिग बेसिनमध्ये, झाडावर चढलेल्या एका कामगारामुळे उजेडात आले. जंगलतोडीने त्याची संख्या घटत गेली आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन व वॉशिंग्टनमधील मरलेटची संकटग्रस्त म्हणून अधिकृत नोंद झाली.

तो पाहण्याची रीत अशी आहे. मेपासून जुलैपर्यंत, सूर्योदयाच्या ४५ मिनिटे आधी, जंगलाच्या आत न जाता वनाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत, जेथून आकाशाचा तुकडा दिसतो अशा ठिकाणी उभे राहावे. प्रेअरी क्रीकमधील एल्क प्रेअरी या कुरणाची कड यासाठी उत्तम आहे. दिवा बंद करावा, बोलू नये आणि नजर झाडांच्या शेंड्यांच्या रेषेवर ठेवावी. आधी कानाला ‘कीर, कीर’ असा तीक्ष्ण आवाज येतो आणि मग पंख फार वेगाने हलवणारी एखादी काळसर आकृती शेंड्यांवरून सपकन निघून जाते. दुर्बीण लावायला वेळ मिळत नाही, म्हणून उघड्या डोळ्यांनीच पाहावे. सूर्योदयानंतर तासाभरात हे सगळे थांबते.

त्याच वेळी इतर आवाज ओळखण्याचा सराव करावा. एकच लांब, शिट्टीसारखा सूर, मग शांतता, मग वेगळ्या पट्टीत पुन्हा एकच सूर, हा व्हेरीड थ्रश. जमिनीलगतच्या ओंडक्यातून न थांबता ओघळत राहणारे बारीक, लांबलचक गाणे पॅसिफिक रेनचे, आणि तो पक्षी अंगठ्याएवढा असतो. फोनवर पक्ष्यांचे ध्वनिमुद्रण वाजवून त्यांना बोलावू नये. विणीच्या काळात त्यांची शक्ती त्यात वाया जाते.

टप्पा ६: खाणे गाडीत, आणि कणही मागे ठेवू नये

पहाटेनंतर भूक लागते, आणि येथेच आपल्या मंडळींच्या हातून जंगलाचे नुकसान होते. चिवडा, शेव, भाजलेले शेंगदाणे, ठेपल्याचे तुकडे: आपले प्रवासातले बहुतेक खाणे कोरडे आणि सांडणारे असते. वाटेवरच्या बाकावर पुडा उघडला, की काही क्षणांत निळ्या अंगाचा, काळ्या तुऱ्याचा स्टेलर्स जे तेथे हजर होतो. तो कावळ्याच्या कुळातील आहे, धीट आहे, आणि मुलांना त्याला दाणा टाकण्याचा मोह आवरत नाही. स्टेलर्स जे आणि रेव्हन (मोठा डोमकावळा) हे पक्षी मरलेटची अंडी व पिल्ले खातात. माणसाच्या खरकट्यामुळे तंबूंच्या तळांभोवती त्यांची संख्या वाढते आणि वर, शेवाळावर उघडे पडलेले एकुलते अंडे त्यांच्या नजरेस पडण्याची शक्यताही तेवढीच वाढते. म्हणून येथील उद्यानांत एक कणही सांडू नका, असे पाहुण्यांना आवर्जून सांगितले जाते. घरच्या ज्येष्ठांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. पाखराला दाणा घालणे पुण्याचे मानणाऱ्या माणसाला ऐन वेळी अडवले, तर ते त्याच्या मनाला लागते.

क्रम असा ठेवावा: खाणे गाडीत, दारे लावून, नंतर कपडे गाडीतच झटकावेत, डबा पुन्हा घट्ट लावावा. तंबूत राहणाऱ्यांनी खाद्यपदार्थच नव्हे, तर टूथपेस्ट आणि साबणही अस्वलरोधक पेटीतच ठेवावेत.

टप्पा ७: जंगल तीन थरांत पाहावे

ताडोब्यात जिप्सीतून फिरताना डोळे जसे समोरच्या झुडपांवर खिळलेले असतात, तशी सवय येथे कामाची नाही, कारण येथील बहुतेक जीव एक तर पायाशी असतात किंवा दोनशे फुटांवर. तासाला एक मैल या वेगाने चालावे आणि प्रत्येक थांब्यावर पुढील क्रमाने पाहावे.

*जमीन.* आधी खाली पाहावे. सगळीकडे पसरलेली तीन पाकळ्यांसारख्या पानांची हिरवी चादर ही रेडवुड सोरेलची, म्हणजे आपल्या आंबुशीच्या कुळातील वनस्पतीची आहे. उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला, की काही मिनिटांत तिची पाने छत्रीसारखी खाली मिटतात आणि सावली आल्यावर पुन्हा उघडतात; कवडशाच्या कडेला दहा मिनिटे बसल्यास हे डोळ्यांदेखत घडते. तेथेच बनाना स्लग ही पिवळी, बिनशंखाची गोगलगाय भेटते. तिच्या उजव्या बाजूला, डोक्यामागे, एक छोटे भोक उघडझाप करताना भिंगातून दिसते. ती तिची श्वास घेण्याची जागा आहे. तिला हात लावू नये, विशेषतः हाताला डासांचे औषध लावलेले असताना. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला गोमेसारखा बहुपाद जीव दिसल्यास त्यालाही केवळ पाहावे. छेडल्यास तो सायनाइडयुक्त द्रव सोडतो, ज्याला बदामाचा वास येतो. तपकिरी पाठीचा, नारिंगी पोटाचा न्यूट हा सॅलॅमँडर पावसाळी दिवसांत वाटेवरच चालत असतो. त्याच्या कातडीत पफर माशात असते तेच जहाल विष असते, म्हणून मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे आणि आपले पाऊल जपून टाकावे.

*खोड.* नंतर नजर छातीच्या उंचीला आणावी. रेडवुडची साल एक फुटापर्यंत जाड असू शकते आणि तिच्यातील टॅनिनमुळे कीड व आग दोन्हींना ती दाद देत नाही. तरीही जुन्या वणव्यांनी कित्येक बुंध्यांत काळ्या ढोली कोरल्या आहेत. अशा ढोलींत वटवाघळे आणि व्हॉक्स स्विफ्ट हे पाकोळीच्या कुळातील पक्षी आसरा घेतात. आत शिरून छायाचित्र काढण्याची पद्धत रूढ झाली असली, तरी ती टाळावी आणि आत झगझगीत उजेड मारू नये.

*शेंडा.* शेवटी वर पाहावे, आणि वर काही दिसले नाही तर खाली पडलेल्या गोष्टींतून वरचे जग ओळखावे. वाऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी वाटेच्या कडेला नेच्यांचे जाड गठ्ठे पडलेले आढळतात. वाकून पाहिल्यास त्यांच्या मुळांत खरी, काळी, भुसभुशीत माती दिसते. ती जमिनीवरची नाही. शेकडो वर्षे फांद्यांच्या बेचक्यांत कुजलेल्या पानांपासून झाडावरच तयार झालेली आहे. या मातीत हकलबेरीची झुडपे वाढतात आणि वॉन्डरिंग सॅलॅमँडर जन्मभर जमिनीवर न उतरताही जगू शकतो. मूळ जंगल आणि तोडीनंतर वाढलेले जंगल यांत एवढा फरक का, याचे उत्तर मला तरी या एका गठ्ठ्यात सर्वांत स्पष्टपणे मिळते, कारण असा थर साठण्यासाठी शतके लागतात.

*इशारा:* वाट सोडू नये. ही झाडे शंभर मीटर उंच होत असली, तरी त्यांची मुळे जमिनीत फक्त काही मीटर खोल जातात आणि आडवी दूरवर पसरतात. बुंध्याला कवेत घेण्यासाठी टाकलेली पावले नेमकी त्याच मुळांवरची माती दाबतात. जेडिडाया स्मिथमधील ग्रोव्ह ऑफ टायटन्स या वनात याच कारणाने उंचावरून वाट बांधावी लागली आहे. तेथे कठड्याच्या आतच राहावे.

टप्पा ८: मोठे प्राणी आणि दुपारचा किनारा

रूझवेल्ट एल्क एल्क प्रेअरी, गोल्ड ब्लफ्स बीच आणि ओरिकजवळच्या कुरणांत सकाळ-संध्याकाळ चरतात. किमान ७५ फूट अंतर ठेवावे. हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरला असता संपूर्ण प्राणी अंगठ्याआड झाकला गेला, तर अंतर पुरेसे आहे असे समजावे. नाही झाकला गेला, तर मागे सरावे. मे-जूनमध्ये पिल्लासोबतची मादी आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत माजावरचा नर यांच्या बाबतीत अंतर दुप्पट करावे. कान मागे जाणे आणि मान उंचावून दात खाणे ही हल्ल्यापूर्वीची चिन्हे आहेत. कळप रस्ता ओलांडत असताना गाडीतून उतरू नये.

काळे अस्वल दिसल्यास ३०० फूट दूर राहावे. माउंटन लायन (प्यूमा, मोठे रानमांजर) क्वचितच दिसतो, परंतु पहाटे आणि तिन्हीसांजेला मुलांना पुढे पळू देऊ नये. तो दिसलाच तर पळू नये, मुलांना उचलून घ्यावे, हात वर करून मोठे दिसावे आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरावे.

दुपारी जंगल शांत होते. तो वेळ क्लामथ नदीच्या मुखावरील कड्यासाठी ठेवावा. मार्च-एप्रिलमध्ये तेथून उत्तरेकडे जाणारे ग्रे व्हेल दिसतात. मोठे गिधाडासारखे पक्षी दिसल्यास पंख नीट पाहावेत: पंखांवर क्रमांकाचा बिल्ला असेल आणि पंख न डगमगता सपाट पसरलेले असतील, तर तो कॅलिफोर्निया काँडॉर असू शकतो. युरोक जमातीने दीर्घ प्रयत्नांनंतर मे २०२२ मध्ये येथे पहिले काँडॉर सोडले. त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे या भागात तो नव्हता. येथील पुष्कळ जमीन युरोक आणि टोलोवा लोकांची आहे, त्यामुळे खासगी पाट्यांच्या पलीकडे जाऊ नये.

*इशारा:* समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. या किनाऱ्यावर अचानक येणारी मोठी लाट माणसाला आत ओढून नेते, आणि पाणी वर्षभर गारठलेले असते.

टप्पा ९: बाहेर पडल्यावरची कामे

गाडीत बसण्यापूर्वी कपड्यांवर आणि त्वचेवर गोचीड आहे का, ते पाहावे. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांत विशेष पाहावे. आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी, पिरगाळू नये. वनाच्या उन्हाळलेल्या कडांवर तीन-तीन पर्णिकांचे पॉइझन ओक असते; त्याचा स्पर्श झाल्याची शंका आली तरी ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि ते कपडे वेगळे बांधावेत. बुटांचे तळ पुन्हा घासावेत.

छायाचित्रे टाकण्यापूर्वी त्यांतील स्थळाची नोंद काढून टाकावी, विशेषतः एखादे नावाजलेले झाड किंवा घरटे असेल तर. मरलेट ऐकला असल्यास तारीख, वेळ आणि आवाजांची संख्या ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावी.

पुढील तीस दिवसांत कोणाला ताप आला किंवा अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठला, तर डॉक्टरांना गोचिडीच्या प्रदेशात गेल्याचे आपण होऊन सांगावे, कारण या किनाऱ्यावरच्या गोचिडींमुळे लाइम रोग होऊ शकतो. आई-वडील या काळात भारतात परतले असतील तर हे त्यांना फोन करून मुद्दाम सांगावे आणि कोणत्या तारखेला कोठे फिरलो, ते लिहून द्यावे. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांसमोर हा रोग सहसा येत नाही, आणि तो प्रवास कळला नाही तर त्यांचे लक्ष तिकडे जाण्याचे काही कारण नसते.